मामाचं घर

२० जुलै २०२३, गुरुवार
पहाटेपासून फोन वाजतोय. काल रात्री इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नाही, यंत्रं चढत नाहीत. लोक भर पावसात कुदळ-फावड्यांनी माती उपसताहेत. त्या वाडीची दोन भावंडं आमच्या आश्रमशाळेत आहेत, नववीतली ताई आणि तिसरीतला धाकटा. शाळेत होती म्हणून वाचली. बातमी घरच्या माणसानेच सांगावी म्हणून त्यांच्या मामांची वाट पाहिली. ऐकून ताई रडली नाही. भावाच्या शर्टाची गुंडी लावत राहिली.

२३ जुलै, रविवार
शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता. या दोघा भावंडांच्या आईचा मृतदेह मिळाला, वडिलांचा नाही. ताईने विचारलं, "बा नाय गावला, मंग कुठं असंल?" मामा म्हणाले, "डोंगरातच हाय पोरी. आता यायचा नाय." त्यांनी खोटी आशा लावली नाही, हे फार बरं केलं. कुणी परगावी गेल्याच्या थापा मारल्या की पोरं वर्षानुवर्षं वाट पाहत राहतात.

३० ऑगस्ट
पत्र्यावर सर वाजली की ताई उठून बसते. चपला उशाशी घेऊन झोपते. दर बुधवारी पोट दुखतं; आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना काही सापडत नाही. दरड कोसळली तो बुधवारच होता. शिक्षक म्हणतात, "किती शहाणी पोर, कसला त्रास नाही." मला याच शहाणपणाची धास्ती वाटते. चौदा वर्षांची मुलगी भावाची आई होऊन बसली, तर तिचं रडणं कोण ऐकणार?

१० ऑक्टोबर
जागतिक मानसिक आरोग्य दिन. मुलांनी चित्रं काढली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, बरेच मानसिक आजार चौदाव्या वर्षापर्यंतच सुरू होतात. समुपदेशक बाई आल्या त्या आधी मामांशी बोलल्या. बहीण गेल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. बराच वेळ रडले. ताई दारातून पाहत होती. मग आत येऊन त्यांच्याजवळ बसली आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

२० नोव्हेंबर
दिवाळी झाली, वाड्या रिकाम्या होऊ लागल्या. कर्जत-खालापूरची कातकरी-ठाकर माणसं वीटभट्टीवर निघाली. मामा-मामीही निघणार होते. ताई म्हणते, शाळा सोडून मीही येते. मामी म्हणाल्या, "तू शिक. मी ऱ्हाते हितं." भट्टीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते; मामी मागे राहिल्या म्हणजे घरात येणारा पैसा घटला. तरी सुट्टीत भाच्यांना उघडं दार मिळावं म्हणून त्या राहिल्या. आधार आधार म्हणतात तो हा, आणि त्याची किंमत एका गरीब घराने मोजली.

१९ जुलै २०२४, शुक्रवार
ताई दहावीत आहे. पावसाने अजून जाग येते, पण आता शेजारच्या मैत्रिणीला उठवते. बुधवारचं पोटदुखणं थांबलं. मामांचा बालसंगोपन योजनेचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात दिला आहे. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलासाठी त्यातून दरमहा २२५० रुपये मिळतात. तुमच्या गावात कुणी असं पोर सांभाळत असेल, तर अर्ज भरायला सोबत जा. आणि मूल गप्प झालं असेल, किंवा सांभाळणाराच खचला असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.