नेहमीइतकं तूप

उष्मांक मोजणारं अ‍ॅप निवडणं म्हणजे स्थळं पाहण्यासारखं आहे. फोटोत सगळीच सडपातळ! डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवून "रोज काय खाता ते लिहा" असं बजावलं, म्हणून मी तीन स्थळं पाहिली.

मायफिटनेसपाल २००५ सालचं, म्हणजे घराण्यात वडीलधारं. त्याच्या भांडारात खाणाऱ्यांनी भरलेल्या नोंदीही असतात. तेव्हा एकाच पदार्थाचे चार आकडे दिसले तर आपल्याला सोयीचा निवडण्याचा मोह आवरावा लागतो. क्रोनोमीटर थेट जीवनसत्त्वांत शिरतं. जेवताना शेजारी हिशेबतपासनीस बसल्यासारखं वाटतं हो! बेंगळुरूच्या हेल्दीफायमीला (जन्म २०१२) पोळी कळते, वाटीही कळते. मी तिथंच होकार दिला.

पण वाटी कुठली? आमच्याकडे आमटीची निराळी, श्रीखंडाची निराळी आणि पाहुण्यांची त्याहून निराळी. शिवाय खरी मेख तुपात. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं यांचे ग्रॅमला उष्मांक ४, स्निग्धांशाचे ९.

"भातावर तूप किती घातलंस गं?"

"नेहमीइतकं."

हे माप कुठल्याच अ‍ॅपात नाही. मग मी सोमवारी तुपाचा डबाच काट्यावर ठेवला.

"अहो, सोनं आहे का ते?" ही म्हणाली.

पुढच्या सोमवारी डबा २१० ग्रॅमनं हलका. म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम, सुमारे २७० उष्मांक. घरात माणसं दोनच, आणि ही तूप घेत नाही.