पूर्व लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन कुटुंबे आणि मनोरुग्णाची देखभाल

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोकांची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी झाली. त्यांच्यात मेक्सिकन वंशाचा गट सर्वांत मोठा आहे. या समाजात गंभीर मानसिक आजार झालेला माणूस प्रौढ वयातही बहुधा आईवडिलांच्या किंवा भावंडांच्या घरी राहतो आणि त्याचे रोजचे सगळे बहुधा घरातली एक बाई करते. ती त्याची आई असते, नाहीतर थोरली बहीण. पूर्व लॉस एंजेलिस आणि त्याला लागून असलेला बॉइल हाइट्स या मेक्सिकन वस्तीत अशी घरे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखिका मूळची साताऱ्याची. लग्नानंतर ती अशाच एका घरात सून म्हणून आली. सासरची मंडळी मेक्सिकोतल्या साकातेकास राज्यातून इथे आलेली. धाकट्या दिराला विशीत स्किझोफ्रेनिया झाला आणि तेव्हापासून सासूबाई त्याचे करत आल्या. पुढचे विवेचन काही अंशी अभ्यासकांच्या कामावर आणि काही अंशी या घरात जे पाहिले, केले त्यावर आधारलेले आहे.

स्वतःआधी घराचा विचार करण्याच्या वृत्तीला समाजशास्त्रात फामिलिस्मो म्हणतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी माणसाला ती समजायला वेळ लागत नाही. दिराला कुठल्या संस्थेत ठेवावे, असे सासरी कोणी कधी बोलूनही दाखवले नाही. त्याच्या आजाराला घरात नेर्व्हिओस म्हणत: फार सोसल्याने नसा थकल्या, माणूस हळवा झाला, अशी ती समजूत. मानववंशशास्त्रज्ञ जॅनिस जेन्किन्स यांनी १९८० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन कुटुंबांशी बोलून केलेल्या अभ्यासात हीच समजूत नोंदवली आहे. झोप उडण्यापासून स्किझोफ्रेनियापर्यंत सगळे त्यात सामावते. त्यामुळे आजारी माणूस घराला परका होत नाही आणि आजाराचा दोष त्याच्या माथी येत नाही. मात्र नेर्व्हिओस आज ना उद्या सगळ्यांनाच होतात आणि जातात, असेही सगळे धरून चालतात. त्यापायी डॉक्टर लांबणीवर पडतो. दिराच्या बाबतीत आधी फुलांचा काढा झाला, मग चर्चमध्ये पाद्र्यांचा आशीर्वाद झाला, मग कुरांदेरा म्हणजे जाणत्या बाईकडे नेऊन अंगावरून अंडे उतरवणे झाले. दवाखाना त्यानंतर आला. या मधल्या काळाबद्दल कुटुंबाला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. जे जवळ होते, ज्याला पैसे फारसे पडत नव्हते आणि जिथे आपल्या भाषेत ऐकून घेतले जात होते, तिथे ती माणसे गेली.

घरच्यांच्या वागण्याचा आजारावर काय परिणाम होतो, यावर बरेच काम झाले आहे. रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाचा आजार उलटेल की नाही, हे घरच्यांच्या बोलण्याच्या सुरावरून पुष्कळ अंशी सांगता येते, असे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. जिथे टोचून बोलणे, राग आणि अति गुंतणे जास्त, तिथे आजार उलटण्याचे प्रमाणही जास्त होते. मार्विन कार्नो, जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन घरांबद्दल असेच निष्कर्ष मांडले, तेव्हा असा ताण असलेली घरे गोऱ्या अमेरिकनांच्या मानाने बरीच कमी निघाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चंडीगडच्या अभ्यासाचा कलही तसाच होता. पुढे २००४ मध्ये स्टीव्हन लोपेझ यांनी दाखवले, की गोऱ्या कुटुंबांत टीका जास्त असली की आजार उलटतो, तर मेक्सिकन कुटुंबांत माया कमी असली की उलटतो. हे संशोधन मोलाचे आहे. पण त्यातून धोरणे आखणाऱ्यांनी आणि दवाखान्यांनी सोयीचा अर्थ काढू नये. यांच्याकडे कुटुंब असते, ते सांभाळून घेतील, असे म्हणून या घरांना कमी सेवा देणे चूक आहे. माया म्हणजे रोजचे काम असते. ते कोणाला तरी करावे लागते आणि करणारी दमते.

ते काम काय असते, हे बाहेरून दिसत नाही. लेखिकेच्या सासरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोपऱ्यावरच्या पानादेरियाने म्हणजे बेकरीने वाटलेली दिनदर्शिका असते, वर ग्वादालुपेच्या मातेचे चित्र असलेली. सासूबाई तिच्यावर रोज रात्री पेन्सिलीने खुणा करत. झोपला तर आडवी रेघ, रात्रभर फेऱ्या घातल्या तर फुली, जेवला नाही तर रिकामे वर्तुळ, आणि महिन्याच्या इंजेक्शनच्या दिवशी चांदणी. फुल्या लागोपाठ आल्या की पुढे काय होणार हे त्यांना कळे. मग तो खिडकीचा पडदा पिनेने बंद करी, टीव्हीवर टॉवेल टाकी आणि आईने वाढलेले फ्रिहोलेस म्हणजे शिजवलेला घेवडा बाजूला सारून डब्यातलेच खाई. त्या वाद घालत नसत. ‘मिहो (बाळा), तू नको खाऊस, पण माझ्यासोबत बस,’ एवढेच म्हणत आणि स्वतः त्याच्यासमोर जेवत. दिवसाचे बाकीचे काम याच्याभोवती बसवलेले होते. बाजार तो झोपलेला असताना, चर्च नणंद घरी असताना. त्यांच्या स्वतःच्या मधुमेहाच्या तपासण्या मात्र मागे पडत. पायाला जखम होऊन ती चिघळेपर्यंत त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. अशा बायकांचे मनही थकते. लॅटिनो समाजात अताके दे नेर्व्हिओस नावाचा झटका सर्वपरिचित आहे. त्यात ओरडणे, रडू आवरेनासे होणे, अंग थरथरणे, छातीतून डोक्याकडे उष्णता चढणे असे सगळे एकदम होते, आणि बहुधा घरातल्या एखाद्या धक्क्यानंतर होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ च्या निदान-पुस्तिकेत त्याची नोंद आली. झटका ओसरला की बाई उठून पुन्हा चुलीपाशी जाते, आणि तिला स्वतःला उपचार लागतील हे कोणाच्या मनात येत नाही.

उपचारांपर्यंत पोहोचणे हा वेगळाच प्रश्न आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २००१ च्या अहवालानुसार मानसिक विकार असलेल्या हिस्पॅनिक माणसांपैकी अकरातल्या एकापेक्षाही कमी जण मानसोपचाराच्या तज्ज्ञांकडे जात होते. स्थलांतरितांत तर हे प्रमाण विसातल्या एकाहूनही कमी होते. विमा नसणे, कामाची सुटी न मिळणे, कागदपत्रांची भीती आणि भाषा ही त्यामागची मोठी कारणे. भाषेचा भार बहुतेक घरांत मुलांवर पडतो. लेखिकेच्या घरी तो नणंदेच्या शाळकरी मुलीवर पडला होता. एका रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात डॉक्टरांचा प्रश्न तिने आजीला सांगायचा होता: मामाने कधी जीव देण्याचे बोलून दाखवले का? मुलीने तो प्रश्न आजीला सांगितलाच नाही आणि ‘नाही’ असे उत्तर दिले. तिला दोष कसा द्यावा? आणीबाणीचे प्रसंग सोडून लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला संघराज्याच्या २०१६ च्या नियमांनी मनाई केली आहे आणि रुग्णालयाने दुभाषी विनामूल्य देणे बंधनकारक आहे. हा हक्क मागून घ्यावा लागतो. त्यासाठी तो आधी माहीत असावा लागतो.

संकटाच्या वेळी कॅलिफोर्नियात १९६७ चा लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायदा लागू होतो. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला धोकादायक असेल, किंवा अन्न, वस्त्र, निवारा यांची सोय स्वतः करू शकत नसेल, तर त्याला इच्छेविरुद्ध ७२ तास ठेवून तपासता येते. कायद्याच्या कलमावरून सगळे याला ‘फिफ्टी-वन फिफ्टी’ म्हणतात. कुटुंबाला इथे दोन गोष्टी जड जातात. एक म्हणजे फोन केला की दारात बहुधा पोलीस येतात, आणि स्थलांतरित वस्तीत पोलिसांना आईनेच घरी बोलावणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट गोपनीयतेची. मुलगा सज्ञान असल्याने त्याच्या संमतीशिवाय रुग्णालय आईला काही सांगत नाही. पण आईने रुग्णालयाला सांगण्यावर कसलेही बंधन नाही, ही महत्त्वाची बाब फार थोड्यांना ठाऊक असते. उलट, घरच्यांनी दिलेला पूर्वेतिहास विचारात घ्यावा असे राज्याचा कायदाच सांगतो आणि त्यासाठी लॉस एंजेलिस काउंटीत स्पॅनिशमध्येही छापील अर्ज मिळतो. त्यात आधीची औषधे, कशाने गुण आला, कशाने बिघडले, धोक्याच्या खुणा कोणत्या, हे लिहायचे असते. दिराच्या वेळी लेखिका आणि सासूबाई यांनी तो दिनदर्शिकेवरून भरला. लेखिकेचे स्पॅनिश तेव्हा कच्चे होते. सासूबाई सांगत आणि ती तारखा लिही. डॉक्टरांनी तो वाचला आणि पूर्वी ज्या औषधाने दिराचे अंग आखडले होते ते टाळले.

पैशाची बाजू इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस या योजनेत येते. मेडी-कॅल हा राज्याचा आरोग्यविमा असलेल्या आजारी किंवा अपंग माणसाच्या देखभालीचे तास ठरवून, ते करणाऱ्याला तासाप्रमाणे मोबदला दिला जातो. प्रौढ मुलाची आईही ते काम करू शकते. ज्याला स्वतःचे भले-बुरे कळत नाही आणि ज्याच्यावर चोवीस तास लक्ष ठेवावे लागते, त्याच्यासाठी संरक्षणात्मक देखरेख असा प्रकार आहे. त्यात महिन्याला १९५ आणि अतितीव्र अवस्थेत २८३ तासांपर्यंत मंजुरी मिळते. डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो आणि काउंटीचा कर्मचारी घरी येऊन पाहतो. अडचण त्या भेटीत येते. पाहुणा आला म्हणून घर लख्ख केलेले असते, मुलाला नवा शर्ट घातलेला असतो, आणि ‘हा काय काय करू शकतो?’ या प्रश्नावर आई अभिमानाने म्हणते, ‘सगळं करतो माझा मुलगा.’ अशाने तास कमी मिळतात. आपल्या माणसाची लाज परक्यासमोर राखणे हा या समाजाचा, आणि आपलाही, संस्कार आहे. पण त्या एका तासापुरते खरे सांगणे हेच त्या मुलाच्या हिताचे असते. नकार आला तर ९० दिवसांत राज्याकडे सुनावणी मागता येते.

कुटुंबांना शिकवणारे उपक्रम थोडे, पण चांगले आहेत. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल अलायन्स ऑन मेंटल इलनेस या संघटनेचा ‘दे फामिलिया आ फामिलिया’ हा स्पॅनिश वर्ग विनामूल्य असतो आणि तो घेणारेही रुग्णांचे नातेवाईकच असतात. ॲलेक्स कोपेलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १७४ मेक्सिकन-अमेरिकन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक कुटुंबांना एकत्र बसवून औषधांच्या अडचणींवर या समाजाला रुचेल अशा पद्धतीने चर्चा केली, तर रुग्ण औषधे जास्त नेमाने घेतात आणि रुग्णालयात कमी वेळा जातात, असे त्यात आढळले. वस्तीतल्याच प्रोमोतोरा म्हणजे आरोग्यसेविका दारोदार जाऊन अशा वर्गांची माहिती देतात. सासूबाईंना वर्गाला नेले ते एका प्रोमोतोरानेच. ९८८ या संकटकालीन क्रमांकावर २ दाबले की स्पॅनिशमध्ये बोलता येते.

आजाराचे पिढीशीही नाते आहे. विल्यम वेगा यांच्या १९९८ च्या फ्रेस्नो परगण्यातल्या अभ्यासात आयुष्यात कधीतरी मानसिक विकार झालेल्यांचे प्रमाण मेक्सिकोतून आलेल्यांत २४.९ टक्के, तर अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांत ४८.१ टक्के होते. म्हणजे देखभालीची गरज पुढच्या पिढीत वाढते आणि घरात थांबू शकणारी माणसे मात्र कमी होतात. सरकारी आधारही स्थिर नाही. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ पासून मेडी-कॅल सर्व वयाच्या, कागदपत्रे नसलेल्या लोकांनाही खुले केले. जानेवारी २०२६ पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी थांबवली.

आईच्या पश्चात काय, हा प्रश्न अशी घरे शेवटपर्यंत टाळतात. तो आधीच सोडवता येतो. इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेसमध्ये मंजूर झालेले देखभालीचे तास रुग्णाच्या नावावर असतात, करणाऱ्याच्या नव्हे, आणि एकाहून अधिक माणसे ते वाटून घेऊ शकतात. प्रत्येकाला माहिती-सत्राला बसावे लागते, बोटांचे ठसे देऊन पूर्वतपासणी करून घ्यावी लागते आणि करारावर सही करावी लागते. लेखिकेच्या घरी सासूबाई हिंडत्या-फिरत्या असतानाच नणंदेची आणि लेखिकेची नोंदणी झाली. आता रात्री नणंद असते, दुपारी लेखिका, आणि बुधवारी सासूबाई स्वतःच्या तपासणीला जातात.