फट किती ठेवायची?

एका पिस्टनवरून आमच्या घरात वर्षभर अबोला होता. आज सांगताना हसू येते, पण तेव्हा हसण्यासारखे काही नव्हते.

२००२ चा उन्हाळा. वेदगंगेकाठी आमचा दोन एकर ऊस होता. वीज कधी येईल त्याचा नेम नसे, म्हणून सगळी भिस्त पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनावर. तेच निळा धूर ओकू लागले, तेल पिऊ लागले. पिस्टन आणि रिंगा बदलणे भाग होते. मूळ कंपनीचा सेट परवडेना. मी नुकताच एम.ए. झालेलो, त्यामुळे घरात शहाणा मीच. जुना पिस्टन पिशवीत घालून शहरात गेलो आणि डोळ्यांना तसाच दिसणारा दुसऱ्या बनावटीचा सेट घेऊन आलो. खोक्यात एक चिठ्ठी होती. पिशवीत मावेना म्हणून चिठ्ठीसकट खोके एसटी स्टँडवरच टाकून दिले.

धाकटा भाऊ हाताचा चांगला. त्याने विचारले, “दादा, आत कागद नव्हता काय?” मी म्हणालो, “नव्हता.” मग त्याने जुन्या पिस्टनच्या हिशेबानेच लायनर घासून घेतला आणि इंजिन जोडले. ऊस वाळतोय म्हणून मीच घाई केली आणि पहिल्याच दिवशी पुरा लोड दिला. तिसऱ्या तासाला इंजिन जाम! पुन्हा दुरुस्तीला पैसे नव्हते. निम्मा ऊस वाळला. चार माणसांत मी बोलून गेलो, “याच्या हातालाच वळण नाही.” त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला.

पुढच्या मे महिन्यात आत्याला भेटायला बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने ग्वाल्हेरला गेलो. आत्याचे सासर लष्कर भागात, दाल बाजाराजवळ. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, म्हणून याचे नाव लष्कर. तेव्हापासून इथे मराठी घरे आहेत. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. आपल्याकडच्या कानडी घरांतही त्यांना ‘माव’च म्हणतात, हे वाचकांना सांगायला नको. मामांचे डाळीचे दुकान, मागे छोटी चक्की, आणि वीज गेली की ती ओढायला एक सिलिंडरचे किर्लोस्कर इंजिन. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणरावांच्या घराण्याने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला तेल इंजिनांचा कारखाना उभा केला. आपल्या मातीतले नाव इतक्या दूर, हरभऱ्याच्या डाळीच्या धुळीत वाचून बरे वाटले.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मामांनी इंजिन खोलले. त्यांनीही बाजारातला दुसऱ्या बनावटीचाच पिस्टन आणला होता. मी म्हणालो, “मामा, हे पिस्टन टिकत नाहीत.” ते हसले. “बेटा, टिकतात. आधी मोजावं लागतं.”

नवा आणि जुना पिस्टन त्यांनी शेजारी ठेवले. पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, माथ्यावरच्या खळग्याचा आकार, पिनेची जाडी, सगळे ताडून पाहिले. मग मायक्रोमीटर लावला, तो माथ्याला नाही, खालच्या घेराला आणि पिनेच्या काटकोनात. कारण पिस्टन दिसतो गोल, पण असतो किंचित लंबगोल आणि वर निमुळता. वरचा भाग जास्त तापतो आणि जास्त फुगतो. लायनर वर, मध्ये, खाली असा आडवा-उभा मोजला. रिंग लायनरमध्ये सोडून पिस्टनने सरळ ढकलली आणि तिच्या तोंडातली फट फीलर गेजने पाहिली. पिस्टन गरम तेलात तापवून पिन बोटाने सरकवली, हातोडा नाही. दोन्ही सर्किलं खाचेत घट्ट बसली का, ते फिरवून पाहिले. रिंगांची खुणेची बाजू वर, आणि तोंडे एका रेषेत येऊ दिली नाहीत. पिस्टनवरची खूण पाहून दिशा धरली. शेवटी माथ्यावर शिशाची तार ठेवून हेड आवळले, इंजिन हाताने फिरवले आणि चेपलेली तार मोजून पिस्टन हेडला धडकणार नाही याची खात्री केली.

“पण फट नेमकी किती, हे कसं ठरवलंत?” मी विचारले. मामांनी खोक्यातली चिठ्ठी पुढे केली. “पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. सारखाच तापला तरी पिस्टन जवळजवळ दुप्पट फुगतो. त्यात प्रत्येकाचा मिश्रधातू निराळा. म्हणून नव्या पिस्टनची फट नव्या पिस्टनच्या कागदावर बघायची, जुन्याच्या नाही. आणि पहिले काही तास हलका लोड, मग तेल बदलायचं.”

आत्या चहा घेऊन आली होती. तीस वर्षांनीही तिची कानडी गेली नव्हती. ती म्हणाली, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, म्हणजे झालं!” मामा म्हणाले, “तू घरात केलंस ते खरं. इंजिनात नाही चालत.”

मला चहा गोड लागेना. एसटी स्टँडवर टाकलेले खोके डोळ्यांसमोर आले. भावाच्या हाताला वळण होते. त्याला लागणारे माप मी फेकून दिले होते, आणि वर ‘कागद नव्हता’ म्हणून खोटे बोललो होतो.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला आणि धाकट्याला बोलावून घेतले. म्हणालो, “कागद होता. मीच टाकला. इंजिन माझ्यामुळं गेलं.” पलीकडे बराच वेळ काही नाही. मीटर मात्र पळत होते. मग त्याने विचारले, “आत्या बरी हाय न्हवं?”

परत येताना मी मामांकडून एक जुना फीलर गेज मागून आणला. त्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघांनी मिळून इंजिन पुन्हा जोडले. या वेळी खोके मी मांडीवर घेऊन आलो, आणि चिठ्ठी त्याच्या हातात आधी दिली.