मे महिन्यातला मेगाहर्ट्झ

प्रोसेसरचा वेग हे एका गुणाकाराचे उत्तर असते. मदरबोर्डवर १०० मेगाहर्ट्झचे बेस क्लॉक चालते आणि प्रोसेसर त्याला आपल्या मल्टिप्लायरने गुणतो. ३६ ने गुणले की ३.६ गिगाहर्ट्झ. हा गुणक हाताने वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. बायोसमध्ये ३६ च्या जागी ४० लिहायला अर्धे मिनिट लागते. त्या चाळीसवर भरवसा ठेवता येईल का, हे ठरवण्यात पुढचे चार-पाच दिवस जातात, आणि या कामातली खरी कारागिरी तिथेच आहे.

वेग वाढवायला जागा उरते, कारण एकाच साच्यातून निघालेल्या सगळ्या चिपा सारख्या नसतात. कंपनी छापते तो आकडा त्यांतल्या दुबळ्या चिपलाही झेपेल असा असतो. चांगली चिप हातात पडली तर मधली फट वापरता येते. इंटेलच्या १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ने ही फट जगाला दाखवली. तिचा मल्टिप्लायर साडेचारवर बंद होता, पण बस, म्हणजे तेव्हाचे बेस क्लॉक, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० ची चिप ४५० वर चाले. आज इंटेलच्या मोजक्या चिपाच, नावात के अक्षर असलेल्या, उघड्या मिळतात आणि त्यांना झेड मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीच्या २०१७ नंतरच्या बहुतेक रायझन उघड्या असतात. मात्र ए मालिकेच्या स्वस्त बोर्डावर ही सोय नसते. नागपूरला सीताबर्डीवर खरेदीला जाण्यापूर्वी एवढे कागदावर लिहून न्यावे.

भंडारा जिल्ह्यात हा खटाटोप कोणाच्या कामाचा? गेम खेळणारी मुले आहेतच. पण तुमसर, साकोली, पवनीसारख्या गावांतल्या फोटो स्टुडिओंचा प्रश्न जास्त खरा आहे. लग्नाचा व्हिडिओ रेंडर होताना प्रोसेसरचे सगळे कोर तासन् तास पूर्ण भाराने चालतात. शिवाय लग्नसराई आणि उन्हाळा एकत्रच येतात. नवतपात पारा ४५ च्या पलीकडे असतो, टिनाखालच्या खोलीत भिंतही हाताला गरम लागते, आणि नवरीकडचे लोक पेन ड्राइव्हसाठी दारात उभे असतात.

उष्णतेचा हिशेब आधी समजून घ्यावा. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग ३.६ वरून ४.२ गिगाहर्ट्झ केला तर वाढ झाली सुमारे १७ टक्के. तो टिकवण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावे लागले असे धरले, तर उष्णता सुमारे ४८ टक्क्यांनी वाढते. ९० वॅटची चिप १३३ वॅटवर जाते. म्हणजे वेगाचा शेवटचा घास सर्वांत महाग. पहिले दोन-तीन टप्पे अनेकदा व्होल्टेज न वाढवताच मिळतात आणि शहाण्याने बहुधा तिथेच थांबावे.

ही उष्णता वाहून नेण्याचे काम कूलरचे. विदर्भात कूलर म्हटले की खिडकीतला, ताट्यांचा, पाण्याचा. इथे तो प्रोसेसरवर बसणारा. त्याचा तळ तांब्याचा असतो, पितळेचा नसतो. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याला हे वाचून थोडे वाईट वाटेल, पण तांब्यात जस्त मिसळले की उष्णता वाहण्याची ताकद तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. आणि तांबे कितीही चांगले असले तरी कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो हवेच्या वर काही अंश राखतो, इतकेच. हा फरक पूर्ण भाराखाली ५० अंश असेल, तर २४ अंशांच्या खोलीत चिप ७४ वर राहते आणि ४२ अंशांच्या खोलीत ९२ वर. खिडकीतला कूलर मे महिन्यात खोली बरीच उतरवतो. मात्र कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नये, थेंब उडतात. पावसाळा लागला की हवा ओली होते आणि तो नुसता पंखा उरतो.

म्हणून सुरुवात मल्टिप्लायरपासून न करता थर्मामीटरपासून करावी. कारखान्याच्याच वेगावर सिनेबेंच ही भारचाचणी चालवावी आणि एचडब्ल्यूइन्फो या मापक प्रोग्राममध्ये सर्वोच्च तापमान, व्होल्टेज, प्रत्यक्ष वेग, शेजारी खोलीचे तापमान असे सगळे वहीत टिपावे. रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी या काळात बंद ठेवावे. नाहीतर बिघाड झाला की संशयित दोन होतात. मग मल्टिप्लायर एकाने वाढवावा, दहा मिनिटे चाचणी घ्यावी, पुन्हा एकाने. मशीन हँग झाले, रिस्टार्ट झाले किंवा निळा पडदा आला की एक पायरी उतरावे किंवा व्होल्टेज ०.०२ ने वाढवावे. दोन्ही एकदम बदलू नये. मशीन चालूच होईना, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी वीज बंद करून काही मिनिटे काढली की बायोसमधले बदल पुसले जातात. नवशिक्याची निम्मी भीती इथेच संपते.

चालते म्हणजे स्थिर आहे, असे मात्र नाही. वेग झेपत नसलेली चिप नेहमी बंदच पडते असे नाही; कधी ती गुपचूप चुकीचे उत्तर देते. प्राइम९५ इथे उपयोगी पडते. मर्सेन अविभाज्य संख्यांचा शोध घेणाऱ्या, १९९६ पासून चाललेल्या प्रकल्पाचा हा प्रोग्राम. त्याच्या छळचाचणीला गणिताचे बरोबर उत्तर आधीच माहीत असते, त्यामुळे एक आकडा चुकला तरी ती थांबते. तिचा स्मॉल एफएफटी प्रकार चिपला सर्वांत जास्त तापवतो, ब्लेंड प्रकार रॅमलाही ओढतो. काही जण या चाचणीला अवास्तव म्हणून टाळतात. गेमपुरत्या मशीनला ते चालेल. लग्नाची मूळ चित्रफीत ज्या मशीनवर उतरते तिला नाही. तीन-चार तास प्राइम९५, मग आपल्या नेहमीच्या कामाचे लांब रेंडर, आणि शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ नावाच्या नोंदी शोधणे. चिपने स्वतःच दुरुस्त केलेल्या चुका तिथे सापडतात. एक जरी नोंद असेल तर चाचणी नापास.

तापमानाची मर्यादा गाठली की चिप आपणहून वेग उतरवते. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक चिपांत ही मर्यादा ९५ अंश, इंटेलच्या बऱ्याच चिपांत १००. अशा वेळी चाचणी पास दिसते, पण ती ४.२ वर झालेली नसते. वेगाच्या रकान्यावर डोळा हवा.

जानेवारीत घेतलेली चाचणी ही जानेवारीचीच असते. खोली २२ अंशांवर असताना चिप ८५ वर गेली आणि मे महिन्यात तीच खोली ४० वर राहणार असेल, तर मधले १८ अंश धरून ती मर्यादेबाहेर जाते. शिवाय तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागते. ९५ ची मर्यादा असेल तर हिवाळ्यातला सर्वोच्च आकडा ७२ च्या आसपास राहावा.

काही बिघाड चिपचे नसतातच. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडते. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो आणि ग्राफिक्स कार्डासह ओव्हरक्लॉक केलेले मशीन रेंडरच्या मध्यावर ती मर्यादा ओलांडते. धानाच्या मळणीच्या दिवसांतली धूळ कूलरच्या पात्यांत नमद्यासारखी बसते.

नव्या चिपा कारखान्यातूनच स्वतःला ताणत येतात, तेव्हा वेग वाढवण्यापेक्षा व्होल्टेज कमी करण्यात जास्त फायदा असतो. भंडाऱ्याच्या हवेत तर नक्कीच. जास्त व्होल्टेजची किंमत २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या बिघडलेल्या चिपांनी दाखवली. कंपनीला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. रायझन ५००० पासून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे आकडा देता येतो. एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. हा आकडा फार उणे झाला तर चिप पूर्ण भाराखाली टिकते आणि मशीन रिकामे बसले असताना पडते, कारण एकच कोर सर्वोच्च वेगावर उडी मारतो तेव्हाच व्होल्टेज अपुरे ठरते. तिची चाचणी एकेका कोरवर, रात्रभर घ्यावी लागते.

बायोसमध्ये सेटिंग जपण्याचे खाने असतात. पहिल्यात उन्हाळी आकडे, दुसऱ्यात हिवाळी. धान निघाले की दिवाळीनंतर प्रोसेसरवरचा कूलर उतरवून धूळ झाडावी, त्याखालची पेस्ट बदलावी, आणि मग दुसरा खाना उघडावा.