पाटीवरचं वाक्य

इंदूरच्या जुन्या पलासियातल्या एका स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूला खिळ्याला एक पाटी टांगलेली आहे. दगडी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. माझ्या मावशीच्या मुलांनी तिच्यावर बाराखडी गिरवली. पण मला सांगायचंय ते पाटीबद्दल नाही, तिच्यावर रोज सकाळी मुक्कामाला येणाऱ्या वाक्याबद्दल.

वाक्य अंगानं लहान. तीन-चार शब्द, फार तर सहा. गॅसवरचं दूध वर येईस्तोवर लिहून होतं, म्हणून त्याला लांबण लावायला वेळच मिळत नाही. सजायची हौस नाही. 'उठलीस, छान झालं.' 'आज बँकेत जायचंय, जमेल.' 'पोहे एकटीपुरतेही चांगले होतात.' अक्षर मोठं, शाळामास्तरणीचं, रेघ सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ओल्या फडक्यानं ते पुसते आणि नवीन येतं. कालचं वाक्य तिनं वहीत उतरवून ठेवलंय असं कधी दिसलं नाही.

काका गेल्यानंतरच्या हिवाळ्यात हे वाक्य त्या घरात आलं. रविवारी छप्पन दुकानवरून जिलेबी आणायचं काम काकांचं. नव्या पलासियातली ती दुकानांची रांग घरापासून पायी जाण्यासारखी, पण मावशीनं तिकडची वाटच सोडून दिली होती. सकाळी ए. बी. रोडवरची वर्दळ सुरू झालेली ऐकू यायची आणि ती पडून राहायची. अशाच दिवसांत एका सकाळी माळ्यावरचं सामान उपसताना पाटी सापडली. पहिलं वाक्य होतं, 'चहा तरी कर.' तिनं चहा केला. त्या वाक्यानं एवढंच मागितलं होतं आणि तेवढं मिळाल्यावर ते गप्प बसलं. मला त्याचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो: माणसाच्या ताकदीचा अंदाज घेऊन ते मागतं.

पुढे कधीतरी 'फाटकापर्यंत जाऊन ये' आलं, मग 'चौकापर्यंत'. छप्पनचं नाव पाटीवर यायला उन्हाळा लागला.

या वाक्याचा दुसरा गुण म्हणजे त्याला खोटं खपत नाही. मध्यंतरी शेजारच्या काकूंनी प्रेमानं सुचवलं, म्हणून मावशीनं लिहिलं, 'मी अत्यंत आनंदी आहे.' पोळ्या होईपर्यंत ते पाटीवर राहिलं. मग तिनं पिठाच्या हातानंच ते पुसलं. म्हणाली, "हे माझ्याकडे बघून खोटं बोलतंय." नंतर दिवसभर ती नेहमीपेक्षा खिन्न होती.

यात तिचा दोष नव्हता. जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला कॅनडातला एक प्रयोग नेमका हेच सांगतो. ठराविक अंतरानं घंटा वाजे आणि प्रत्येक घंटेला लोकांनी आपण प्रेम करण्याजोगे आहोत, असं स्वतःशी म्हणायचं. ज्यांच्या मनात स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना थोडं अधिक बरं वाटलं. ज्यांना स्वतःची किंमत वाटत नव्हती त्यांची मनःस्थिती उलट घसरली. आधार ज्याला सर्वात जास्त हवा, त्यालाच मोठं वाक्य टोचतं, कारण त्याचं मन तिथल्या तिथे उलट पुरावे काढून दाखवतं. सकाळी सकाळी फोनवर येऊन पडणारी फुलाफुलांची सुवचनं माणसाला कोरडी का वाटतात, तेही मला यावरून उमगलं. ती त्या माणसाला ओळखतच नाहीत.

पाटीवरच्या वाक्याचे पूर्वज शोधायला गेलं की फ्रान्समध्ये एमिल कुए भेटतो. 1857 ते 1926 हा त्याचा काळ. धंद्यानं औषधविक्रेता. औषध देताना दोन भरवशाचे शब्द बोलले तर तेच औषध अधिक लागू पडतं, हे त्यानं गिऱ्हाइकांकडे बघून हेरलं. पुढे नान्सी शहरात तो लोकांना एक छोटं वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस वेळा म्हणायला सांगू लागला. मोजायला दोऱ्याला वीस गाठी मारायच्या आणि एकेक गाठ बोटांखालून सरकवायची. कुएचं वाक्य मात्र सगळ्यांना एकच होतं आणि रोज सर्व बाजूंनी सुधारत चालल्याचा दावा करणारं होतं. तिथे मावशीच्या पाटीचं त्याच्याशी जुळत नाही. इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली तर कल्पनाच जिंकते, हे त्याचं म्हणणं मात्र मला पटतं. खोटं वाक्य हरतं ते त्यामुळेच.

पाटीवरच्या वाक्याचं जवळचं घराणं तर आपल्याच घरात आहे. होळकरांच्या इंदुरात रुजलेल्या कितीतरी मराठी घरांत दिवेलागणीला मुलं मनाचे श्लोक म्हणत मोठी झाली, मावशीही झाली. भुजंगप्रयात वृत्तातले ते दोनशे पाच श्लोक रामदासांनी मनाला समोर बसवून रचले. आणि त्याला काही सांगण्याआधी सज्जन म्हणून मान दिला! आधी भलेपणा गृहीत धरला आणि मग कामाला लावलं. मला वाटतं, मावशीची पाटी ही रीत तिच्या नकळत चालवते. पाटीवर 'मी' क्वचितच असतो. असते ती 'तू': उठलीस, जमेल तुला, ये जाऊन. थोरल्या बहिणीनं धाकटीशी बोलावं तसं.

या बोलण्यानं खरंच फरक पडतो. मिशिगनच्या ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 साली तो दाखवला. लोकांना भाषण करायला सांगून तयारीला थोडा वेळ दिला. त्या वेळात जे स्वतःशी 'मी' म्हणून न बोलता स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून बोलले, त्यांचं भाषण सरस झालं आणि नंतरची मनातली टोचणीही कमी राहिली. स्वतःपासून वीतभर लांब उभं राहिलं की जो समजूतदारपणा आपण दुसऱ्याला सहज देतो, तो स्वतःलाही देता येतो.

पाटीवरच्या वाक्याची ताकद कुठे संपते, तेही सांगायला हवं. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तिथे पाटीवर भिस्त ठेवू नये. डॉक्टरकडे जावं. 14416 या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या क्रमांकावर 2022 पासून देशभरातून फोन करता येतो. मावशीनं डॉक्टरांच्या गोळ्या कित्येक महिने घेतल्या आणि त्या दिवसांत पाटीवर हेही येत असे: 'गोळी घेतलीस का?' तेही याच कुळातलं वाक्य, आणि माझ्या मते अव्वल दर्जाचं.

भांड्यांना येणाऱ्या बाई माळव्यातल्या. आल्या की पदर खोचत आधी विचारतात, "आज कंई लिख्यो?" मावशी वाचून दाखवते. एकदा त्या म्हणाल्या, "म्हारो भी एक लिख दो." मुलगी दहावीला, नवरा काम सुटून घरी बसलेला. मावशी पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ थांबली. मग तिनं पेन्सिल त्यांच्याच हातात दिली आणि विचारलं, "तुम बताओ, आज क्या सँभल जाएगा?" बाईंनी विचार करून अडखळत्या अक्षरांत लिहिलं, 'फीस भर दूँगी.' त्या दिवशी पाटीवर दोन वाक्यं शेजारी शेजारी होती.

बंगळुरूला नोकरी करणाऱ्या नातीनं गेल्या महिन्यात फोनवर हट्ट धरला, "आजी, रोज सकाळी मला एक वाक्य पाठवत जा ना." मावशीचा जीव आहे तिच्यावर, पण तिनं साफ नाही म्हटलं. "तुझ्या सकाळी काय जड जातंय ते मला इथे पलासियात बसून काय कळणार? तू लिही आणि मला वाचून दाखव." नातीनं कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो तिच्या वाक्यासकट: 'मीटिंगमध्ये एक प्रश्न विचार.'

"विचारलास?" मावशीनं विचारलं.

"उद्या," नात म्हणाली.

"मग उद्या तेच लिही," मावशी म्हणाली आणि गॅसवर दूध होतं म्हणून तिनं फोन ठेवला.