व्हिएन्नांतील बंद दारांचा सण

परदेशांतील नाताळ म्हटला कीं रस्तोरस्तीं लखलखणारे दिवे, दुकानांतून उसळलेली गर्दी आणि आकाशांतून भुरभुरणारें बर्फ, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आम्हीहि तेंच चित्र मनांत घेऊन २०२२ च्या डिसेंबरांत ऑस्ट्रियाच्या राजधानींत, व्हिएन्ना शहरांत, उतरलों. परंतु ज्या सायंकाळीं तो सण खरोखर साजरा होतो, त्या सायंकाळीं रस्त्यांत चिटपांखरूंहि नव्हतें, दुकानें बंद होतीं आणि बर्फाचा तर मागमूसहि नव्हता. मग तो सण आम्हांस भेटला कोठें, आणि आमच्या मनांतील एक अढी त्यानें कशी सैल केली, तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या अढीविषयीं. आमचें घर पुण्याचें, माणसांनीं भरलेलें. थोरले बंधु, वहिनी, पुतणे, सुना, नातवंडें, अशीं चवदा पानें दोन्ही वेळां मांडलीं जातात. धाकटा मुलगा नोकरीनिमित्त व्हिएन्नास राहतो. पण करोनाचें एक वर्ष सोडलें तर दिवाळीला घरीं येण्याचा त्याचा नेम कधीं चुकला नव्हता. २०२२ सालीं मात्र नात पहिलींत गेली, ऐन शाळेच्या दिवसांत तिला रजा मिळेना, आणि दिवाळी त्यांच्यावांचून झाली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं, म्हणजे २४ ऑक्टोबरला, त्याचा फोन आला, तेव्हां आम्हीं "सर्व ठीक आहे, येथें कामें पडलीं आहेत," एवढें बोलून तो ठेवून दिला. कामें कांहींच पडलीं नव्हतीं, रुसवा होता. लहान मुलाच्या रुसव्याची कोणी तरी समजूत काढतें. वडीलधाऱ्यांचा रुसवा मात्र शहाणपणाचें सोंग घेऊन बसतो, त्यामुळें तो ओळखूं येत नाहीं आणि जातहि नाहीं. पुढें सूनबाईनें कळविलें कीं, नाताळांत शाळेला सुट्टी असते, तेव्हां तुम्ही दोघेंच या. सौ.नें त्याच दिवशीं भाजणी करावयास घेतली. आम्ही आठ दिवस "पाहूं" म्हणत राहिलों, आणि अखेर निघालों.

व्हिएन्ना हें डॅन्यूब नदीकांठचें शहर. जुन्या शहरास पूर्वीं तट होता. सम्राट फ्रान्झ योझेफ ह्यानें १८५७ सालीं तो पाडण्याचा हुकूम दिला, आणि त्याच्या जागीं रिंगस्ट्रासे नांवाचा, पांच किलोमीटरांहून लांब असा प्रशस्त रस्ता जुन्या शहराभोंवतीं झाला. संसद, विद्यापीठ, संगीतनाट्यगृह अशा इमारती त्याच्या कडेनें उभ्या आहेत. त्यांतच फ्रीड्रिख फॉन श्मिट ह्या वास्तुशिल्पज्ञानें उभारलेलें, १८८३ सालीं पूर्ण झालेलें नगरभवन आहे. नाताळपूर्वींच्या बाजाराची चाल ह्या शहरांत मध्ययुगापासूनची असली, तरी नगरभवनापुढच्या पटांगणांत तो १९७५ पासून भरतो. मध्यभागीं एक उंच झाड उभारतात. तें दरवर्षीं निरनिराळ्या प्रांतांतून येतें. भोंवतीं लांकडी दुकानांच्या रांगा. त्यांत कांचेचे गोळे, मेणबत्त्या, मसाल्याच्या गोड वड्या, निखाऱ्यावर भाजलेले चेस्टनट आणि गरम मसालेदार मद्य. मद्य न घेणारांसाठीं फळांचा गरम रसहि असतो. पेल्यासाठीं अनामत द्यावी लागते, आणि पेला परत केला कीं ती मिळते. ती हातीं येईपर्यंत सौ.नें आम्हांस त्या दुकानापासून हलूं दिलें नाहीं.

हें सर्व पाहून "नाताळ पाहिला" असें म्हणावयास आम्ही मोकळे झालों होतों. परंतु घरीं निराळाच प्रश्न उभा होता. नातीनें पहिल्याच रात्रीं आजीच्या कुशींत शिरून विचारलें, "आजी, आपल्याकडे क्रिस्टकिंड येईल का ग?"

क्रिस्टकिंड म्हणजे बाल येशू. ऑस्ट्रियांत नाताळच्या भेटी पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणीत नाहीं. त्या हें बालक आणतें, अशी समजूत आहे. त्याला कोणीं पाहिलेलें नसतें. २४ डिसेंबरला वडील माणसें एका खोलीचें दार लावून आंत झाड सजवितात. मुलें बाहेर ताटकळत बसतात. अंधार पडल्यावर आंतून लहानशी घंटा वाजते, दार उघडतें, झाडावर दिवे लागलेले असतात, आणि क्रिस्टकिंड नुकतेंच निघून गेलेलें असतें. वर्गांतल्या साऱ्या मुलांकडे तें येणार होतें. आमच्याच नातीकडे कां येऊं नये?

मुलाचें म्हणणें, झाड आणावें. सौ.ला तें रुचेना. "एका झाडानें कांहीं बिघडत नाहीं, हें मलाहि कळतें," ती म्हणाली. "पण गणपतींत इकडे यावयाचें नाहीं, दिवाळींत यावयाचें नाहीं, आणि ह्या सणाला मात्र झाड! पोरीला आपलें म्हणून काय आठवेल?" त्या बोलण्यांत झाडावरचा राग थोडा आणि दिवाळीचें दुःख फार होतें, हें आम्हांस तत्काळ समजलें. आम्ही मात्र गप्प राहिलों.

मुलानें मग एक गोष्ट सांगितली. "आई, हें झाड तरी मूळचें येथलें कोठें आहे? फानी फॉन आर्नश्टाइन नांवाची एक ज्यू बाई होती. ती बर्लिनची, १७७६ सालीं लग्न होऊन येथें आली. १८१४ सालीं, युरोपांतले राजेरजवाडे येथें परिषदेसाठीं जमले असतां, तिनें आपल्या घरीं बर्लिनच्या चालीप्रमाणें नाताळचें झाड लावलें. ह्या शहरांतलें पहिलें झाड तेंच, असें सांगतात. सरकारी हेरांनीं त्याचीहि नोंद करून वर पाठविली होती म्हणे!"

सौ. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे सासरीं आलेल्या बाईनें माहेरची रीत आणली. असें सांग कीं मग! तें मला समजतें." आणि तोड निघाली ती अशी, कीं झाड नको, कुंडींत एक हिरवी फांदी लावावी.

२४ तारखेला दुपारीं शेजारच्या बाई हातांत एक कांचेचा कंदील घेऊन दारांत उभ्या राहिल्या. ह्या बाई ऐंशीच्या घरांतल्या, पतीच्या पश्चात एकट्याच राहणाऱ्या. एकुलता एक मुलगा कॅनडांत असतो. आमची नात त्यांना "ओमा", म्हणजे आजी, म्हणते. रेल्वेस्थानकावर दिवा आणावयास जातें, मुलीला बरोबर नेऊं का, असें त्या विचारीत होत्या. दिवा आणावयाचा म्हणजे काय, हें पाहावें म्हणून आम्हीहि निघालों.

त्या दिव्याची हकीकत अशी. १९८६ सालीं ऑस्ट्रियाच्या नभोवाणीनें एक उपक्रम सुरू केला. बेथलेहेम येथें, येशूच्या जन्मस्थानीं जळणाऱ्या दिव्यावर एका मुलानें ज्योत लावून घ्यावयाची, ती विमानानें ऑस्ट्रियांत आणावयाची, आणि तिच्यावरून देशभर दिवे लावावयाचे. तिला "शांतीचा दिवा" म्हणतात. आतां ती इतर अनेक देशांतहि जाते. नाताळच्या आदल्या दिवशीं रेल्वेस्थानकें, चर्चें, अग्निशामक दलाचीं ठाणीं अशा ठिकाणीं ती ठेवलेली असते, आणि ज्याला हवी त्यानें आपल्या कंदिलांत ती लावून न्यावी. आम्ही गेलों तेव्हां एक तेवता दिवा आणि त्यापुढें शांतपणें उभीं असलेलीं दहा-बारा माणसें होतीं. कोणी धक्काबुक्की करीत नव्हतें, कोणी पैसे मागत नव्हतें. परततांना ट्राममध्यें आमच्यासारखींच आणखी दोघेंतिघें कंदील मांडीवर सांभाळीत बसलीं होतीं. घरची ज्योत विझूं न देण्याची ती धडपड पाहून आम्हांस नवरात्रांतला नंदादीप आठवला.

दोन वाजतां बहुतेक दुकानें बंद झालीं. चारच्या सुमारास सूर्य मावळला. सहाच्या पुढें आम्ही एकटेच पाय मोकळे करावयास बाहेर पडलों, आणि चकित होऊन उभे राहिलों. एवढें वीस लाखांच्या घरांतलें शहर, पण रस्त्यांत आमच्याच पावलांचा आवाज! आपल्याकडे सण आला कीं दार उघडतें. उंबऱ्यापुढें रांगोळी, ओट्यावर पणत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक. येथें सण आला कीं दार मिटतें. वरच्या प्रत्येक खिडकींत उजेड होता आणि प्रत्येक उजेडाआड एकेक घर एकत्र बसलें होतें. आम्ही बाजारांत पाहिला तो नुसता सणाचा बाजार होता. सण त्या खिडक्यांच्या आड होता. अशा रात्रीं ज्याच्या घरीं दुसरें माणूस नाहीं, त्यानें काय करावें? लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं आमचा मुलगा ह्याच रस्त्यानें, कामावरून, जेथें कोणाला दिवाळी ठाऊक नाहीं अशा शहरांतून घरीं आला असेल. तेव्हां आमच्याकडे, तो धरून, तिघें उणीं असलीं तरी अकरा पानें होतीं. हा हिशेब दोन महिन्यांत एकदांहि आमच्या मनांत आला नव्हता.

परतलों तों ओमा आमच्याच घरांत बसलेल्या! "सणाच्या दिवशीं शेजारीण एकटी जेवते, हें कांहीं बरें नव्हे," असें म्हणून सौ.नें त्यांना हातानें धरून आणलें होतें. त्यांनीं येतांना चंद्रकोरीच्या आकाराचीं, साखरेंत घोळलेलीं बिस्किटें आणलीं होतीं. सौ.नें सूनबाईकरवीं हळूच विचारविलें, ह्यांत अंडें नाहीं ना? ओमा हंसून म्हणाल्या, "पीठ, लोणी, साखर आणि बदामाचा कूट, दुसरें कांहीं नाहीं." "म्हणजे सारण बाहेर आलेली करंजीच ही!" असें म्हणून सौ.नें दोन खाल्लीं.

नातीला स्वयंपाकघरांत बसवून दार लोटलें. फांदीवर चार कांचेचे गोळे अडकविले. घंटा मात्र कोणींच आणली नव्हती. मुलानें इकडे तिकडे पाहिलें आणि देव्हाऱ्यांतली पूजेची घंटा उचलली. आम्ही सौ.कडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें ओमांच्या कंदिलावर वात धरून देवापुढचें निरांजन लावलें, आणि त्याच वातीनें फांदीजवळची मेणबत्ती लावली. घंटा वाजली, दार उघडलें, आणि नातीनें प्रथम खिडकीकडे धांव घेतली. क्रिस्टकिंड नुकतेंच गेलें होतें ना!

मग ओमांनीं बसल्याजागीं बारीक आवाजांत एक गीत म्हटलें. साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडोर्फ गांवीं १८१८ च्या २४ डिसेंबरला तें प्रथम गाइलें गेलें. शब्द योझेफ मोर ह्या धर्मोपदेशकाचे, चाल फ्रान्झ ग्रूबर ह्या शाळामास्तरांची. तें आज जगभर गातात. परंतु ऑस्ट्रियांतील जुन्या वळणाचीं माणसें तें ह्या रात्रीपूर्वीं तोंडांतूनहि काढीत नाहींत.

वरणभात, पुऱ्या आणि शेवयांची खीर असें जेवण चाललें असतां ओमांचा फोन वाजला. कॅनडांतून मुलगा बोलत होता. त्या पाऊण तास बोलल्या. नातवाचा दांत पडला का, सुनेचा खोकला कसा आहे, सारें सारें विचारलें. मध्यें त्या कांहीं तरी वर्णन करूं लागल्या, तशी सूनबाई आमच्या कानाशीं हळूच म्हणाली, "मासा तळला आहे, बटाट्याचें सॅलड केलें आहे, झाडहि नेहमींएवढें मोठें आणलें आहे, असें सांगताहेत."

ओमांच्या घरीं झाड नव्हतें. एकटीसाठीं मासा तळणें त्यांनीं केव्हांच सोडलें होतें.

फोन ठेवल्यावर आमचे चेहरे पाहून त्या समजल्या. म्हणाल्या, "येतां येत नाहीं ह्याचें दुःख त्याला माझ्याहून अधिक आहे. त्यांत मीं आणखी भर कशाला घालूं?"

आमचा घांस हातांतच राहिला.

रात्रीं सर्व मंडळी निजल्यावर मुलगा निरांजनांत तूप घालीत बसला होता. आम्ही जवळ जाऊन बसलों. बराच वेळ कोणीं कांहीं बोललें नाहीं. शेवटीं आम्हीं म्हटलें, "लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं कामें वगैरे कांहीं नव्हतीं रे."

"ठाऊक आहे, बाबा," तो म्हणाला.

पुढील वर्षीं, २०२३ सालींहि, त्याला दिवाळीस येतां आलें नाहीं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं फोन आला, तेव्हां कोणत्या कोनाड्यांत किती पणत्या लावल्या, चकल्या कोणाच्या हातून मऊ पडल्या, चवदाव्या पानाच्या जागीं कोण बसलें, तें सर्व आम्हीं त्याला सविस्तर सांगितलें. शेवटीं सौ.नें तो आमच्या हातांतून काढूनच घेतला.