बर्फ, पाणी आणि वाफ



आज एक कबुली द्यायची आहे. आठवडाभर शाळेत मराठी आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण, असं मी कितीतरी वर्षं केलं. पवित्र त्रैक्याचा धडा आला की माझं उदाहरण ठरलेलं: बर्फ, पाणी आणि वाफ. वस्तू एकच, रूपं तीन. तसेच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा! मुलं माना डोलवायची. मीही खूश.

परवा नातवालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "आजी, मग गेथशेमाने बागेत येशू कोणाशी बोलत होता? वाफ पाण्याशी बोलते का?"

मी गप्पच!

रविवारी मिस्सानंतर फादरांना गाठलं. ते हसले. म्हणाले, "बाई, देव एकच, तो फक्त तीन रूपं घेतो, हे सबेलियसचं मत. चर्चने ते तिसऱ्या शतकातच नाकारलं." म्हणजे इतकी वर्षं मी मुलांना पाखंड शिकवत होते की काय!

मग त्यांनी समजावलं. देवाचं तत्त्व एक, पण व्यक्ती तीन, नुसते मुखवटे नव्हेत. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असं निकेयाच्या धर्मसभेने ३२५ साली सांगितलं. तोच येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूसही आहे, हे ४५१ साली काल्सेदोनच्या सभेने. म्हणजे बागेतली ती प्रार्थना नाटक नव्हतं. देवाचा पुत्र माणसाच्या काळजाने खरोखर घाबरला होता, पित्याला खरोखर विनवत होता.

हे ऐकलं आणि २०११ सालची एक रात्र आठवली. इस्पितळाच्या बाकावर बसून मीही रात्रभर विनवत होते. सकाळी हे गेले. आपलीच श्रद्धा कमी पडली, हा सल इतकी वर्षं मनात होता. पण त्या बागेतल्या विनवणीनंतरही क्रूस टळला नाहीच ना? मग माझी भीती म्हणजे अश्रद्धा कशी?

संत ऑगस्टिन यांनी त्रैक्यासाठी एक दाखला दिला आहे: प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो, आणि त्यांच्यातलं प्रेम. तोही अपुराच, हे ते स्वतःच जाणून होते. नातवाला आता तोच सांगीन, पण अपुरा आहे हे सांगून.

असो. माझे जुने विद्यार्थी कोणी हे वाचत असतील, तर तो बर्फाचा धडा तेवढा खोडून टाका रे!